ग्रेसलँडचा बंद अहवाल

एल्व्हिस प्रेस्ली हा अमेरिकी गायक १६ ऑगस्ट १९७७ रोजी टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात, ग्रेसलँड या आपल्या राहत्या घरी मरण पावला. तेव्हा त्याचे वय ४२ होते. या मृत्यूभोवती गेली जवळजवळ पाच दशके जे प्रवाद फिरत आहेत, ते तीन प्रकारचे आहेत. पहिला, तो मेलाच नाही, मरणाचे सोंग करून निसटला. दुसरा, त्याचा खून झाला. तिसरा, तो औषधांच्या अतिरेकाने गेला आणि ते दडपण्यात आले. पहिल्या दोहोंना पुरावा नाही. तिसऱ्यात मात्र बरेच तथ्य आहे, आणि पहिल्या दोन प्रवादांना जे खतपाणी मिळाले ते या तिसऱ्या, खऱ्याखुऱ्या लपवाछपवीतूनच.

एल्व्हिसचा जन्म ८ जानेवारी १९३५ चा, मिसिसिपी राज्यातील टुपेलो गावचा. त्याच्या आधी काही मिनिटे जन्मलेला जुळा भाऊ जेसी गॅरन मृतच निपजला. कुटुंब गरीब होते. पुढे ते मेम्फिसला आले आणि तिथेच १९५४ मध्ये सॅम फिलिप्स यांच्या सन रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीने त्याची पहिली तबकडी काढली. तीन वर्षांत तो इतका मोठा झाला की १९५७ मध्ये त्याने ग्रेसलँड विकत घेतले. पुढच्याच वर्षी तो सक्तीच्या लष्करी सेवेत असताना आई ग्लॅडिस ४६ व्या वर्षी वारली. तो धक्का त्याने कधी पचवला नाही, असे जवळचे सगळेच सांगत.

१९६९ पासून लास व्हेगासच्या हॉटेलांत दिवसाला दोन-दोन कार्यक्रम आणि त्यांच्या जोडीला गावोगावचे दौरे सुरू झाले. रात्र जागून काढायची आणि दिवसा जाड पडदे ओढून झोपायचे, असा क्रम पडला. झोप यावी म्हणून गोळी, जाग यावी म्हणून गोळी, अंग दुखते म्हणून सुई. काचबिंदू, उच्च रक्तदाब, यकृताची तक्रार आणि फुगलेले मोठे आतडे हे आजार होतेच. ऑक्टोबर १९७३ मध्ये वेदनाशामकांच्या व्यसनामुळे त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. तरीही स्वतःला तो व्यसनी मानत नव्हता. रस्त्यावर विकली जाते ती नशा आणि डॉक्टर लिहून देतो ते औषध, अशी त्याच्या मनातली वाटणी पक्की होती. याच समजुतीने तो २१ डिसेंबर १९७० रोजी व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भेटला आणि अमली पदार्थविरोधी खात्याचा बिल्ला मागून घेऊन आला. हा बिल्ला पुढे या कहाणीत पुन्हा येतो.

२६ जून १९७७ रोजी इंडियानापोलिसला त्याचा शेवटचा कार्यक्रम झाला. पुढचा दौरा १७ ऑगस्टला मेन राज्यातील पोर्टलंडपासून सुरू व्हायचा होता. त्याआधीच, १ ऑगस्टला, कामावरून काढलेल्या तीन अंगरक्षकांचे पुस्तक बाजारात आले. एल्व्हिस कोणकोणती औषधे घेतो हे त्यात उघडपणे लिहिले होते. पुस्तकाने तो हादरला होता. मृत्यूनंतर त्या पुस्तकाचा खप प्रचंड वाढला.

१५ ऑगस्टच्या रात्री उशिरा तो दंतवैद्याकडे जाऊन आला. पहाटे त्याने घरामागच्या कोर्टात रॅकेटबॉल खेळला, थोडा वेळ पियानोवर गाणी म्हटली आणि झोपेच्या औषधांच्या पुड्या घेतल्या. सकाळी, वाचत बसतो असे सांगून तो पुस्तक घेऊन न्हाणीघरात गेला. दुपारी दोनच्या सुमारास त्याची वाग्दत्त वधू जिंजर ऑल्डन हिला तो न्हाणीघराच्या गालिच्यावर पालथा पडलेला आढळला. त्याची नऊ वर्षांची मुलगी लिसा मेरी तेव्हा घरातच होती. रुग्णवाहिका आली तेव्हा त्याचे खासगी डॉक्टर जॉर्ज निकोपोलस धावत येऊन तिच्यात चढले. बॅप्टिस्ट मेमोरियल रुग्णालयात बराच वेळ प्रयत्न झाले आणि साडेतीनला मृत्यू जाहीर करण्यात आला. वैद्यकीय तपासनीस ग्रेसलँडला पोचेपर्यंत खोली आवरली गेली होती.

पुढच्या साऱ्या घोळाचे मूळ त्याच संध्याकाळी रुग्णालयात झालेल्या वार्ताहर परिषदेत आहे. शेल्बी काउंटीचे वैद्यकीय परीक्षक डॉ. जेरी फ्रान्सिस्को अनुभवी गृहस्थ होते. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचे शवविच्छेदन त्यांनीच केले होते. एल्व्हिसचे शवविच्छेदन तेव्हा पूर्ण झालेले नव्हते आणि व्हिसेऱ्याच्या तपासणीचा अहवाल यायला आठवडे लागणार होते. तरीही त्यांनी हृदयाची लय बिघडून मृत्यू आल्याचे सांगितले आणि औषधांच्या गैरवापराचा पुरावा नाही असेही म्हटले. शवविच्छेदन करणाऱ्या पथकाचे प्रमुख डॉ. एरिक मुइरहेड शेजारीच होते. त्यांचे मत वेगळे होते, पण ते काही बोलले नाहीत. ‘तपासणी चालू आहे, निष्कर्ष नंतर कळवू’ एवढे एक वाक्य त्या संध्याकाळी पुरेसे होते, आणि ते न उच्चारल्याची किंमत पुढची पन्नास वर्षे मोजावी लागली.

रुग्णालयाने नमुने कॅलिफोर्नियातील बायो-सायन्स लॅबोरेटरीजकडे पाठवले. पाठवताना मृताचे नाव झाकले होते. या प्रयोगशाळेला शरीरात १४ औषधे आढळली. त्यांत कोडीनचे प्रमाण औषधी मात्रेच्या सुमारे दहापट होते, आणि झोपेची व गुंगीची औषधे त्याच्या जोडीला होती. एकेक औषध कदाचित जीवघेणे नसेल, पण सगळी मिळून श्वास आणि हृदय मंदावतात, असे रुग्णालयाच्या डॉक्टरांचे मत पडले. डॉ. फ्रान्सिस्को मात्र ठाम राहिले. ऑक्टोबर १९७७ मध्ये त्यांनी मृत्यूच्या दाखल्यावर उच्च रक्तदाबजन्य हृदयविकार हे कारण लिहिले. हृदय खरोखरच वाढलेले होते आणि रोहिण्यांत अडथळेही होते, त्यामुळे हे कारण सर्वस्वी खोटे म्हणता येत नाही. प्रश्न होता तो औषधांचा संपूर्ण उल्लेख गाळण्याचा. पोटातील अंश तपासणीविनाच टाकून दिले गेल्याचेही पुढे बाहेर आले.

शवविच्छेदनाचा अहवाल प्रसिद्ध झाला नाही, कारण ते सरकारी आदेशाने झालेले नव्हते. एल्व्हिसचे वडील व्हर्नन यांच्या संमतीने रुग्णालयाने ते खासगीरीत्या केले होते. एबीसी वाहिनी अहवालासाठी न्यायालयात गेली. टेनेसीच्या न्यायालयांनी तो कुटुंबाचा खासगी कागद ठरवला. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय सरळ होता, पण लोकांच्या नजरेत ‘अहवाल दाबून ठेवला’ एवढेच उरले.

अंत्यसंस्कारांनीही कुजबुजीला जागा दिली. १७ ऑगस्टला दुपारी काही तास ग्रेसलँडमध्ये शव ठेवले होते. फाटकाबाहेर हजारो माणसे उन्हात ताटकळत होती, त्यांतली कितीतरी चक्कर येऊन पडली. पहिल्या तासापासून काहींना चेहरा ‘मेणाचा’ वाटला, कपाळावर घामाचे थेंब दिसले, नाक वेगळे भासले. शवलेपन केलेली, रंगभूषा चढवलेली त्वचा मेणासारखीच दिसते, आणि मेम्फिसच्या दमट ऑगस्टात सतत उघडझाप होणाऱ्या दारांशेजारी त्या त्वचेवर ओल धरते. यात गूढ काही नाही. शिवाय त्या दिवशी शवपेटीजवळून गेलेल्यांत त्याला रोज पाहणारे नातलग, मित्र आणि नोकरही होते. जड तांब्याची शवपेटीही संशयाचा विषय झाली. आत शीतयंत्र दडवले होते म्हणूनच तिचे वजन सुमारे ९०० पौंड होते, असे सांगण्यात आले. तांब्याच्या शवपेट्या जडच असतात. नॅशनल एन्क्वायरर या साप्ताहिकाने एका नातलगाकडून शवपेटीतला फोटो मिळवून पहिल्या पानावर छापला आणि तो अंक विक्रमी खपला. मृत्यूचा पुरावा म्हणून छापलेल्या त्या फोटोचाच पुढे ‘हा तो नव्हे’ म्हणून दाखला दिला गेला.

पुढच्या घटनांनी भर घातली. २९ ऑगस्टला शव पळवण्याच्या प्रयत्नाच्या संशयावरून तिघांना फॉरेस्ट हिल दफनभूमीजवळ पकडण्यात आले. त्यानंतर २ ऑक्टोबरला एल्व्हिस आणि त्याची आई या दोघांच्या शवपेट्या ग्रेसलँडच्या आवारातील मेडिटेशन गार्डनमध्ये हलवल्या गेल्या. थडगे सार्वजनिक दफनभूमीतून कुटुंबाच्या आवारात गेले, याचा अर्थ ज्याने त्याने आपल्याला हवा तसा लावला.

थडग्यावरच्या नावाची गोष्ट मात्र जरा निगुतीने पाहण्यासारखी आहे, कारण ‘तो जिवंत आहे’ म्हणणाऱ्यांचा हा सर्वांत लाडका पुरावा. एल्व्हिसचे मधले नाव ॲरन. जुळ्या भावाच्या गॅरन या नावाशी जुळावे म्हणून आईवडिलांनी ते इंग्रजीत एकाच ‘ए’ने लिहिले होते, आणि एल्व्हिसनेही आयुष्यभर बहुतेक तसेच लिहिले. थडग्यावरच्या पाटीवर मात्र दोन ‘ए’ आहेत. खोट्या मरणावर स्वतःचे खरे नाव कोरणे अशुभ, म्हणून ही मुद्दाम केलेली चूक, असा तर्क निघाला. हकीकत साधी आहे. शेवटच्या वर्षांत एल्व्हिसलाच बायबलमधल्याप्रमाणे दोन ‘ए’ हवे होते, आणि ते बदलून घेण्याच्या खटपटीत कळले की सरकारी नोंदीत नाव तसेच आहे. वडिलांनी पाटीवर तेच घालून घेतले. मुलाची इच्छा पुरी करणाऱ्या बापाच्या कृतीतून लोकांनी कट शोधला, हे या साऱ्या प्रकरणातले सर्वांत क्लेशकारक उदाहरण आहे.

औषधांची बाब उघडी पडायला दोन वर्षे लागली. १३ सप्टेंबर १९७९ रोजी एबीसीच्या ‘२०/२०’ या कार्यक्रमात जेराल्डो रिव्हेरा यांनी ही लपवाछपवी देशासमोर मांडली. त्यामागचे बरेचसे शोधकाम चार्ल्स थॉम्प्सन यांचे होते. त्यांनी जेम्स कोल यांच्यासह १९९१ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिले. औषधदुकानांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा दिसले की १९७७ च्या पहिल्या साडेसात महिन्यांत डॉ. निकोपोलस यांनी एल्व्हिसच्या नावे शामके, उत्तेजके आणि अमली वेदनाशामके मिळून दहा हजारांहून अधिक मात्रा लिहून दिल्या होत्या. म्हणजे दिवसाला चाळिसाहून अधिक. डॉक्टरांचा बचाव असा की त्यांतली पुष्कळ औषधे दौऱ्यावरच्या ताफ्यासाठी असत, एल्व्हिसला त्यांनी कित्येकदा नुसत्या साखरेच्या गोळ्या दिल्या, आणि आपण दिली नसती तर त्याने दुसरीकडून मिळवली असती. शेवटचा मुद्दा खरा होता. लास व्हेगास, लॉस एंजेलिस, पाम स्प्रिंग्स इथल्या डॉक्टरांकडूनही त्याला औषधे मिळत.

१९८० मध्ये टेनेसीच्या वैद्यकीय मंडळाने निकोपोलस यांचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित केला आणि तीन वर्षे देखरेखीखाली ठेवले. फौजदारी खटल्यात मात्र १९८१ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले. परवाना कायमचा रद्द झाला तो १९९५ मध्ये, इतर रुग्णांना दिलेल्या औषधांच्या चौकशीनंतर. म्हणजे ज्याला खरोखर जाब विचारायला हवा होता अशा एका माणसावरची शेवटची कारवाई व्हायला अठरा वर्षे गेली, आणि तोवर लोक एल्व्हिसला सुपरमार्केटांत शोधत होते.

‘एल्व्हिस जिवंत आहे’ या समजुतीचा उगम बऱ्याच अंशी एका कादंबरीत सापडतो. जॉर्जिया राज्यातील लेखिका गेल ब्रुअर-जिओर्जिओ यांनी ‘ओरायन’ नावाची कादंबरी लिहिली. दक्षिणेतला एक लोकप्रिय गायक कीर्तीला कंटाळून मरणाचे नाटक रचतो, असे तिचे कथानक. एल्व्हिसशी साम्य उघड होते. तेवढ्यात सन रेकॉर्ड्सचे तेव्हाचे मालक शेल्बी सिंगल्टन यांनी जिमी एलिस या गायकाला मुखवटा चढवून ‘ओरायन’ याच नावाने गायला लावले. एलिसचा आवाज एल्व्हिसशी इतका मिळताजुळता होता की सभागृहांत माणसे मुखवट्याआड कोण असेल या आशेने येत. एलिसला मुखवटा नकोसा झाला होता. स्वतःचा चांगला गळा असलेला हा माणूस आयुष्यभर दुसऱ्याची सावली म्हणून ओळखला गेला.

१९८८ मध्ये ब्रुअर-जिओर्जिओ यांचे ‘इज एल्व्हिस अलाइव्ह?’ हे पुस्तक आले. सोबत एक कॅसेट होती आणि तिच्यात एल्व्हिसचा म्हणून सांगितलेला आवाज मृत्यूनंतरच्या वर्षांबद्दल बोलत होता. पुस्तक प्रचंड खपले. आवाजाच्या आलेखांची तुलना करून तो एल्व्हिसचाच असल्याचा निर्वाळा एका तज्ज्ञाने दिल्याचे सांगण्यात आले. पण आवाजाच्या आलेखांवरून माणूस ओळखण्याची पद्धत फार सावधगिरीने वापरावी, असा इशारा अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९७९ मध्येच दिला होता. आणि एल्व्हिसची नक्कल करणे हा तर त्या काळी अमेरिकेत शेकडो जणांचा पोटापाण्याचा उद्योग होता.

त्याच वर्षी मिशिगनमधील कॅलामाझू परिसरातल्या एका बाईने एल्व्हिसला दुकानाच्या रांगेत पाहिल्याचे सांगितले. मग बर्गर किंगमध्येही तो दिसला. वीकली वर्ल्ड न्यूज या साप्ताहिकाने हे मथळ्यांवर उचलले आणि देशभरातून ‘दर्शना’च्या बातम्या येऊ लागल्या. १९९१ मध्ये अभिनेते बिल बिक्सबी यांनी याच विषयावर दोन तासांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सादर केला. त्यातून समजुतीला प्रतिष्ठाही मिळाली. अलीकडे आर्कान्सामधील एका धर्मोपदेशकालाही एल्व्हिस ठरवण्यात आले. त्याने स्वतः नकार दिला तरी आवाजाच्या ध्वनिफिती फिरतच राहिल्या.

तो निसटला असेल तर का, या प्रश्नाला दोन उत्तरे दिली जातात. पहिले साक्षीदार संरक्षणाचे. १९७६ मध्ये एल्व्हिसच्या जेटस्टार विमानाच्या व्यवहारात एका ठकांच्या टोळीने त्याला गंडा घातला. त्या टोळीचा एफबीआयने ‘ऑपरेशन फाउंटन पेन’ या नावाने तपास केला. म्हणजे संदर्भ खरा आहे. निक्सन यांच्याकडून आणलेला बिल्ला याला जोडला गेला आणि एल्व्हिस गुप्त सरकारी हस्तक असल्याची कथा तयार झाली. प्रत्यक्षात एफबीआयच्या खुल्या झालेल्या कागदांत तो फसवला गेलेला विमानमालक म्हणून दिसतो, आणि बिल्ला मानाचा होता. ‘जॉन बरोज’ हे नावही असेच. प्रवासात तो हे टोपणनाव वापरायचा, निक्सन यांना लिहिलेल्या पत्रातही ते आहे. याच नावाने मृत्यूच्या दिवशी कोणी मेम्फिस विमानतळावरून ब्वेनोस आयरिसचे तिकीट काढले, असे म्हणतात. ते तिकीट किंवा त्याची नोंद आजवर कोणी पुढे केलेली नाही.

दुसरे उत्तर पैशाचे, आणि ते हिशेबाला टिकत नाही. मृत्यूनंतर तबकड्या तुफान विकल्या गेल्या हे खरे. पण मार्च १९७३ मध्ये व्यवस्थापक टॉम पार्कर यांनी तोवरच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचे मानधनहक्क आरसीए कंपनीला ५४ लाख डॉलरना विकून टाकले होते, आणि त्या रकमेचाही निम्मा वाटा पार्कर यांनी घेतला. त्यामुळे १९७७ नंतर ज्या जुन्या गाण्यांवर कंपनीने कमावले, त्यांतले कुटुंबाला मिळायचे काही उरले नव्हते. वडील व्हर्नन १९७९ मध्ये वारले. घराचा खर्च आणि कर यांनी तिजोरी आटत चालली, म्हणून घटस्फोटित पत्नी प्रिसिला यांनी ७ जून १९८२ पासून ग्रेसलँड लोकांना पाहायला खुले केले. मुलीचा वारसा टिकवण्याची ती धडपड होती. न्यायालयाने नेमलेल्या वकिलाने पार्कर यांच्या व्यवहारांवर कडक ताशेरे ओढले आणि १९८३ मध्ये तडजोड होऊन पार्कर यांचा एल्व्हिसच्या मालमत्तेशी असलेला संबंध तुटला.

खुनाच्या कथांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. कधी माफिया, कधी पार्कर, कधी डॉक्टर अशी नावे बदलत राहिली. शरीरावर झटापटीची खूण किंवा अनोळखी विष सापडल्याची नोंद नाही. सापडले ते सगळे त्याच्याच औषधांच्या कपाटातले होते.

‘जिवंत’ कथेत सर्वांत कमी विचार झाला तो लिसा मेरीचा. वडील पडलेले असताना ती त्याच घरात होती, आणि मृत्यूनंतर शव घरी ठेवलेले असताना ती त्याच्याजवळ जाऊन बसत असे. तिच्या निधनानंतर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेत या दिवसांचे वर्णन आहे. नऊ वर्षांच्या मुलीला फसवून बाप निसटला असे मानल्याशिवाय ती कथा उभी राहत नाही, आणि तरी ती हौसेने सांगितली जाते. लिसा मेरी जानेवारी २०२३ मध्ये ५४ व्या वर्षी वारली. तिलाही ग्रेसलँडच्या मेडिटेशन गार्डनमध्येच पुरले आहे.

मृत्यूच्या कारणाचा वाद १९९४ मध्ये पुन्हा उघडला गेला. टेनेसी राज्याने फ्लोरिडातील ज्येष्ठ वैद्यकीय परीक्षक डॉ. जोसेफ डेव्हिस यांच्याकडे कागदपत्रे सोपवली. औषधांच्या अतिरेकाने माणूस हळूहळू गुंगीत जातो, त्याला सावरून बसायला किंवा झोपायला वेळ मिळतो. एल्व्हिस ज्या स्थितीत कोसळला होता ती अचानक आलेल्या हृदयविकाराच्या झटक्याशी जुळते, असे त्यांचे मत पडले. थॉम्प्सन आणि कोल यांना ते पटले नाही. डॉ. निकोपोलस यांनी पुढे जुनाट बद्धकोष्ठता हे कारण मांडले. २०१४ मध्ये एका ब्रिटिश वाहिनीने त्याच्या म्हणून मिळवलेल्या केसांच्या तपासणीवरून आनुवंशिक हृद्स्नायूविकाराची शक्यता दाखवली, पण ते केस नक्की त्याचेच का, इथेच ते थांबते. आईही ४६ व्या वर्षी गेली होती, हे ध्यानात घेता हृदयाचा दुबळेपणा आणि औषधांचा मारा यांनी मिळून घात केला, असे मानणे उपलब्ध कागदांशी सर्वांत सुसंगत आहे.

२०२७ मध्ये शवविच्छेदनाचा अहवाल खुला होणार, असे वारंवार छापून येते. न्यायालयाने मात्र तो कुटुंबाचा खासगी दस्तऐवज ठरवलेला आहे, आणि ग्रेसलँडची मालकी आता नात रायली किओ हिच्याकडे आहे. अहवाल उघड झाला तरी त्यातून सुटण्याजोगा प्रश्न हृदय आणि औषधे यांच्या वाट्यापुरताच राहील. मृत्यूच्या दाखल्यावर ऑक्टोबर १९७७ मध्ये डॉ. फ्रान्सिस्को यांनी लिहिलेले हृदयविकाराचे कारण १९९४ च्या फेरतपासणीनंतरही तसेच ठेवण्यात आले.